भाड्याची मोटार आणि विक्रीकर

सांगलीला औषधांचा घाऊक व्यापार करणारे माझे एक जुने विद्यार्थी आहेत. 2025 च्या दिवाळीनंतर त्यांनी आपल्या फिरत्या विक्रेत्यांसाठी दोन लहान मोटारी आणि माल पोचवण्यासाठी एक टेंपो लीजवर, म्हणजे लांब मुदतीच्या भाड्याने घेतला. गाड्या देणाऱ्या कंपनीच्या माणसाने त्यांना सांगितले होते, "साहेब, मोटार विकत घेतलीत तर जीएसटी बुडाला म्हणून समजा. लीजवर घ्या, दरमहाचा सगळा कर परत मिळतो." एका मोटारीचे भाडे महिना 18,000 रुपये, त्यावर 18 टक्क्यांनी कर 3,240 रुपये, दोन मोटारींचा मिळून 6,480. चार महिने गृहस्थांनी ही रक्कम आपल्या देण्याच्या करातून वजा केली. मग त्यांच्या हिशेबनिसांनी खातेवही पाहिली आणि 25,920 रुपयांवर लाल रेघ ओढली. ते पैसे व्याजासकट भरावे लागले. फोनवर मला म्हणाले, "सर, तुम्ही आम्हाला एवढं वाणिज्य शिकवलंत, हे तेवढं का नाही शिकवलंत?"

प्रश्न रास्त होता. तुमच्यापैकीही काहीजण दुकान, कारखाना किंवा दवाखाना चालवीत असतील, आणि असा माणूस तुमच्याही दाराशी येईल. तेव्हा ही गोष्ट जरा मुळापासून पाहू.

विक्रीकर हा नावाप्रमाणे विक्रीवरचा कर. मद्रास प्रांतात तो 1939 साली सर्वसाधारण स्वरूपात आला, मुंबई प्रांताचा कायदा 1946 चा. आता भाड्याने देणे म्हणजे विकणे का? तुम्ही आम्ही म्हणू, मुळीच नाही. मालकी जिथली तिथेच राहते. सर्वोच्च न्यायालयाचाही कल तोच होता. 1958 साली गॅनन डंकर्ली कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, घटनेतला मालाच्या 'विक्री'चा अर्थ 1930 च्या मालविक्री कायद्यात आहे तोच घ्यायचा. तो खटला बांधकामाच्या ठेक्याचा होता, पण त्याच न्यायाने भाडेही राज्यांच्या हातून निसटले. यंत्र विकले तर कर, तेच यंत्र आयुष्यभर भाड्याने दिले तर नाही! अशी वाट उघडी असल्यावर चार माणसे त्या वाटेने जाणारच. म्हणून 1982 मध्ये 46 वी घटनादुरुस्ती झाली आणि वस्तू वापरण्याचा हक्क दुसऱ्याकडे देणे हीदेखील करापुरती विक्रीच मानावी, असे घटनेत लिहिले गेले. महाराष्ट्राने त्यासाठी 1985 मध्ये स्वतंत्र कायदा केला.

पुढची तीसएक वर्षे वाद चालला तो 'हक्क दिला' म्हणजे काय, यावर. किल्ली तुमच्या हातात आली, गाडी केव्हा, कुठे न्यायची ते तुम्ही ठरवणार, तर हक्क तुमच्याकडे आला; राज्याचा विक्रीकर लागू. ड्रायव्हर मालकाचा, पेट्रोल मालकाचे, तुम्ही नुसते मागे बसणार, तर ती सेवा झाली. तिथे केंद्राचा सेवाकर. मधल्या करारांवर दोन्ही खाती हक्क सांगत, आणि भाडेकरूला कधीकधी दोघांचीही समजूत घालावी लागे. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला, त्याने हे भांडण मिटवले. मोटार वापरण्याचा हक्क भाड्याने देणे ही आता सेवा गणली जाते, पण कराचा दर मात्र ती मोटार विकली असती तर जो लागला असता तोच. म्हणजे नाव सेवेचे आणि दर वस्तूचा!

आता माझ्या विद्यार्थ्याचे पाय जिथे अडकले तिथे येऊ. या कराचे सूत्र असे, की धंद्यासाठी केलेल्या खरेदीवरचा कर व्यापाऱ्याने आपल्या विक्रीवरच्या करातून वजा करावा. या सूत्राला कायद्याच्या 17 व्या कलमाच्या 5 व्या पोटकलमात अपवाद आहेत. ड्रायव्हर धरून तेरा माणसांपर्यंत बसण्याची सोय असलेल्या मोटारीवरचा कर वजा करता येत नाही. आणि त्याच पोटकलमात, 1 फेब्रुवारी 2019 पासून स्पष्ट शब्दांत, अशा मोटारीच्या भाड्यावरच्या करालाही तीच मनाई आहे. सरकारचा संशय उघड आहे: दुकानाच्या नावावरची मोटार रविवारी सहकुटुंब नरसोबाच्या वाडीला जाते! मोटारी विकणे, प्रवासी वाहतूक करणे किंवा मोटार चालवायला शिकवणे हाच ज्यांचा धंदा, त्यांना या मनाईतून सूट आहे. माल वाहणाऱ्या गाडीला तर ही मनाई मुळात नाहीच. म्हणून आमच्या औषधवाल्यांना टेंपोच्या भाड्यावरचा कर वजा करता आला, मोटारींवरचा नाही. विकत घ्या की भाड्याने घ्या, या बाबतीत तिळमात्र फरक पडत नाही. तो माणूस त्यांना खोटे सांगून गेला, की त्यालाच ठाऊक नव्हते, कोण जाणे.

पण याहून बारीक एक गोष्ट आहे, ती फारसे कोणी बोलत नाही. समजा, मोटारीची करापूर्वीची किंमत 8,00,000 रुपये. विकत घेतलीत तर 18 टक्क्यांनी 1,44,000 रुपये कर एकदाच भरला आणि सुटलात. बँकेचे कर्ज काढलेत तर व्याज द्याल, पण त्या व्याजावर हा कर नाही. आता तीच मोटार चार वर्षे 18,000 रुपयांच्या भाड्याने घ्या. भाडे झाले 8,64,000. शेवटी कंपनीने ती 1,60,000 रुपयांना तुम्हालाच विकली. एकूण दिलेत 10,24,000, म्हणजे मोटारीच्या किमतीपेक्षा 2,24,000 जास्त. हे जास्तीचे पैसे म्हणजे कंपनीचे व्याज, खर्च आणि नफा. परंतु भाड्याच्या पावतीवर व्याज वेगळे दिसत नाही. सगळ्याला भाडे हेच नाव, आणि सगळ्यावर कर. भाडे आणि शेवटची विक्री मिळून कर भरलात 1,84,320. फरक 40,320 रुपयांचा, आणि वजावट नसल्याने तो तुमच्याच खिशातून! मोठ्या मोटारींना 22 सप्टेंबर 2025 पासून दर 40 टक्के झाला. त्या दराने तेवढ्याच जास्तीच्या रकमेवर हा फरक 89,600 होतो.

मग लीज अगदीच तोट्याची का? तसेही नाही. एकरकमी दीड लाख कर भरण्याऐवजी तो महिन्याला तीन-साडेतीन हजारांनी जातो, आणि नव्या व्यापाऱ्याला हातातले भांडवल फार मोलाचे असते. दर उतरले तर उरलेल्या हप्त्यांवर फायदाही मिळतो. 2025 च्या त्याच दिवशी लहान पेट्रोल मोटारीवरचा कर उपकरासह 29 टक्क्यांवरून 18 वर आला. आदल्या महिन्यात मोटार विकत घेतलेल्याचे पैसे गेले ते गेले. लीजवाल्याचे पुढचे हप्ते हलके झाले. अर्थात दर चढला असता तर उलटे झाले असते, कारण 'लागू असेल तो कर वेगळा' हे वाक्य अशा करारात बहुधा असतेच. ते शोधून वाचा.

आणखी दोन किरकोळ बाबी. आपल्या राज्यात कंपनीच्या नावावर नोंदलेल्या मोटारीला वाहनकर वैयक्तिक नावापेक्षा जादा दराने बसतो. लीजची मोटार कंपनीच्याच नावावर असते, आणि तो बोजा शेवटी भाड्यातच येतो. दुसरे पेट्रोलचे. पेट्रोल-डिझेल वस्तू व सेवा कराच्या बाहेरच ठेवले आहे, त्यावर राज्याचा जुना विक्रीकर मूल्यवर्धित कराच्या नावाने चालू आहे आणि त्याची वजावट कोणालाच या करातून मिळत नाही. म्हणजे विक्रीकर गेला म्हणतात, पण मोटारीच्या टाकीत तो अजून आहे.

आमच्या सांगलीकरांनी मोटारी परत केल्या नाहीत. मुदतीआधी करार मोडायचा दंड भारी होता. दरमहाचे 6,480 रुपये ते आता भाड्याच्या खर्चातच लिहितात, म्हणजे निदान आयकराच्या हिशेबात तरी ते खर्च म्हणून धरले जातात. टेंपोची वजावट चालू आहे. तिसरी मोटार त्यांनी बँकेचे कर्ज काढून घेतली.