सहस्रकुंडाचें छायाचित्र

श्रावण जवळ आला कीं आमच्या लातूरच्या घरांत एक वाद ठरलेला असतो. तरुण मंडळींना धबधबे पाहावयाचे असतात, आणि पाहण्यापेक्षांही त्यांचीं छायाचित्रें घ्यावयाचीं असतात. त्यांच्या मतें निसर्गाचें भव्य रूप म्हणजे सह्याद्रीचें. माळशेज, आंबोली, भंडारदरा हीं नांवें सदा ओठांवर. मराठवाडा म्हणजे काळी जमीन, बाभळी आणि ऊन. तेथें कॅमेरा रोखावयाचा तरी कशावर? हा प्रश्न मला, कां कोण जाणे, थोडा लागला. म्हणून एका भाद्रपदांत धाकट्या पुतण्याला बरोबर घेऊन मीं सहस्रकुंडाची वाट धरली.

लातूरहून अहमदपूर, लोहा करीत नांदेड, आणि तेथून भोकर, हिमायतनगर या वाटेनें इस्लापूर. आगगाडीनें जाणारांसाठीं मुदखेड-आदिलाबाद मार्गावर सहस्रकुंड याच नांवाचें स्थानक आहे. हिमायतनगर मागें पडल्यावर भुई बदलूं लागते. सपाट शेतें सरतात, टेकड्या जवळ येतात आणि सागाची झाडी सुरू होते. धबधबा दिसण्याच्या बराच आधीं ऐकूं येतो. पुतण्या प्रथम म्हणाला, "काका, गाडी आली वाटतें." ती गाडी नव्हती.

बुलढाणा जिल्ह्यांत अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावलेली पैनगंगा येथें काळ्या कातळावरून एकदम खालीं कोसळते. एका तीरावर नांदेडचा किनवट तालुका, दुसऱ्यावर यवतमाळचा उमरखेड. १९४८ पर्यंत अलीकडे निजामाची मोगलाई होती आणि पलीकडे वऱ्हाड. धबधबा मात्र दोघांच्याही हुकमांत नव्हता! कातळ आहे तो सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा. दख्खनचें सारें पठार ज्या थरांनीं रचलें, त्यांतलेच हे थर. परंतु आमच्याकडे ते मातीखालीं झांकलेले असतात, येथें नदीनें ते उघडे पाडले आहेत.

काळा दगड आणि पांढरें पाणी हें डोळ्यांना सुख, पण कॅमेऱ्याला संकट आहे. दगडाचा पोत दिसावा म्हणून प्रकाश अधिक घ्यावा, तर पाणी चुन्याच्या भिंतीसारखें कोरें होतें. पाणी सांभाळावें, तर दगड डांबर होतो. यांत पाणी सांभाळणेंच बरें. काळोखांतून कांहीं तरी मागाहून काढतां येतें, कोऱ्या पांढऱ्यांतून कांहींच निघत नाहीं. ढगाळ दिवस याकरितां उत्तम. ओल्या दगडावरची चकाकी मारण्यासाठीं भिंगापुढें ध्रुवण-काच लावावी आणि तुषार पुसावयास मऊ धोतराचा तुकडा जवळ ठेवावा. अलीकडे तिपाईवर कॅमेरा ठेवून एक-दोन सेकंद झडप उघडी ठेवण्याची मोठी हौस आहे. त्या योगें पाणी रेशमासारखें दिसतें, हें खरें. पण सहस्रकुंडाचें पाणी रेशमासारखें नाहींच मुळीं; तें गढूळ, तांबूस आणि संतापलेलें असतें. पुतण्याचें आणि माझें येथेंच बिनसलें.

त्याला मीं अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराची गोष्ट सांगितली. १० एप्रिल १९२७ रोजीं, वयाच्या पंचविशींत, तो योसेमिटीच्या दरींत हाफ डोम नांवाच्या प्रचंड कड्यासमोर चढून गेला. काचेवर चित्र घेण्याचे ते दिवस. अखेरीस त्याच्याजवळ दोनच काचा उरल्या. एक त्यानें पिवळ्या काचेतून घेतली आणि लगेच त्याच्या ध्यानांत आलें, कीं मनांत भरलेली कड्याची भव्यता हींत उतरणार नाहीं. मग शेवटच्या काचेसाठीं त्यानें भिंगावर गडद तांबडी काच चढविली. आकाश काळेंकभिन्न झालें आणि कडा उभा राहिला. तें चित्र जगभर गाजलें. येथें आमच्या चिरंजीवांनीं तासाभरांत तीनशें चित्रें घेतलीं होतीं! अर्थात् पुतण्याचें उत्तरही बिनतोड होतें: "मग अॅडम्सनेंही खरें आकाश कोठें दाखविलें, काका?" मीं विषय बदलला.

एवढ्यांत तो अधिक चांगल्या कोनासाठीं खालच्या कातळावर उतरूं लागला. पलीकडे म्हशी राखीत बसलेला एक वृद्ध गुराखी ओरडला, "मालक, पोराला वर बोलवा. पानी सांगून येत न्हाई." वरच्या अंगाला इसापूरचें धरण आहे, तेथून पाणी सोडलें, किंवा दूर कोठें मुसळधार पाऊस पडला, तर येथें ऊन असतांनाही नदी चढते. म्हाताऱ्यानें आम्हांला खुणा सांगितल्या: पाण्याचा रंग पालटला, काडीकचरा वाहूं लागला, आवाज जड झाला, कीं मागें फिरावें. पुतण्या वर येतांना शेवाळावरून घसरला. गुडघा फुटला आणि तिपाई पाण्यांत गेली; ती पुन्हां दिसलीही नाहीं. घरीं आम्हीं उभयतांनीं "तिपाई मोडली" एवढेंच सांगितलें. आज हें लिहीत आहें, तें त्याच्या आईला कळावें म्हणूनच.

चित्रें छापून आणलीं. सर्वांनीं वाहवा केली. आत्याबाईंनीं चष्मा लावून सर्वांत मोठें चित्र बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "हें पाणी पुढें जातें कुठें रे?"

मीं सांगितलें: पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती काळेश्वराशीं गोदावरींत जाते. आपली मांजराही शेवटीं गोदावरीलाच मिळते, पण वर, कंदकुर्तीला. "म्हणजे आपल्या दारावरून कांहीं नाहीं," असें म्हणून त्यांनीं चित्र खालीं ठेवलें.

त्यांच्या डोळ्यांपुढें काय होतें, तें घरांत सर्वांनाच ठाऊक होतें. २०१६ च्या मार्चमध्यें आमच्या शहरांत पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदी लागू झाली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी आली. दहा वाघिणी, पांच लक्ष लिटर. पुढें पन्नास वाघिणींची गाडी येऊं लागली. धनेगांवच्या मांजरा धरणाचा भेगाळलेला तळ त्या उन्हाळ्यांत वृत्तपत्रांतून किती तरी वेळां छापला गेला. तींही चित्रें भव्यच होतीं. आत्याबाईंनीं तेव्हां तांदूळ धुतलेलें पाणी तुळशीला आणि तुळशीच्या कुंडीखालचें पायरीला, असा हिशेब ठेवला होता. अशा डोळ्यांनीं धबधबा पाहिला, तर तो केवळ सुंदर कसा दिसावा?

त्या प्रश्नानें मला चैत्रांत पुन्हां सहस्रकुंडाला नेलें. आवाज नव्हता. जेथें पाणी कोसळत होतें, तेथें एक बारीक धार होती, आणि सारा कातळ उघडा पडला होता. तेव्हां त्या स्थळाचें नांव प्रथम कळलें. दगडांत जागोजागीं गोल खळगे. कांहीं ओंजळीएवढे, कांहीं गुडघाभर, एकदोन कंबरेइतके. पुराच्या भोंवऱ्यांत सांपडलेले गोटे एकाच जागीं फिरत राहतात आणि जात्यासारखा दगड दळतात. एखाद्या खळग्याच्या तळाशीं ते घासून गुळगुळीत झालेले गोटे तसेच पडलेले होते. माझ्या पावसाळी चित्रांत यांपैकीं एकही कुंड नव्हतें. सगळीं पाण्याखालीं होतीं. या वेळीं उन्हें तिरपीं असतां, सकाळीं लौकर, मीं चारच चित्रें घेतलीं. गुराखी भेटला. एका कुंडांत पाणी उरलें होतें, तें त्याच्या म्हशी पीत होत्या. तेंच एक चित्र.

आत्याबाईंनीं तें पाहिलें आणि म्हशी मोजल्या. मग म्हणाल्या, "हें देवघराबाहेर लाव. आणि पुढच्या वेळीं मला ने. पण पाऊस थांबल्यावर, आश्विनांत. पाणीही असेल आणि दगडही दिसेल." इतक्या वर्षांच्या छायाचित्रणांत ही गोष्ट मला सुचली नव्हती. पुतण्यानें नवी तिपाई घेतली आहे आणि या खेपेस त्याची आईही बरोबर येणार म्हणते.