प्रतिष्ठेचे कवच

चरकाचार्यांनी तिस्रैषणीय अध्यायात छद्मचर वैद्याचे वर्णन केले आहे. हा छद्मचर ज्ञानहीन असतो. वैद्याचा केवळ वेष त्याने घेतलेला असतो. इंग्लंडमध्ये मँचेस्टरनजीकच्या हाइड गावचा डॉ. हॅरॉल्ड शिपमन या वर्णनात बसत नाही. तो पदवीधर होता, अनुभवी होता, आणि वृद्धांच्या घरी आपणहून जाणारा डॉक्टर म्हणून लोकप्रिय होता. २००० साली १५ रुग्णांच्या खुनांबद्दल त्यास जन्मठेप झाली. पुढे न्यायमूर्ती जॅनेट स्मिथ यांच्या चौकशीने एकूण बळी सुमारे २५० असावेत, असे अनुमान काढले.

औषधविक्रेत्या बंधूंनी विशेष लक्ष द्यावे असा भाग पुढेच आहे. त्याचे शस्त्र होते डायामॉर्फिन, म्हणजे हेरॉईनचेच औषधी रूप. पेथिडीनच्या बनावट चिठ्ठ्यांबद्दल १९७६ मध्ये त्याला दंड झाला होता. त्यानंतर आपण असली औषधे बाळगतच नाही, असे तो सांगे; नोंदवहीही ठेवत नसे. साठा मात्र जमतच होता. काही गरज नसलेल्या रुग्णांच्या नावे चिठ्ठ्या लिहून, तर काही कर्करोगाने मरण पावलेल्यांच्या घरी उरलेल्या कुप्या उचलून. चिठ्ठी रीतसर, सही ओळखीची, डॉक्टर सर्वमान्य. मग दुकानात विचारणार कोण? दहनाच्या अर्जावर तेव्हा दुसऱ्या डॉक्टरची सही लागे, तीही याच विश्वासावर मिळत गेली. आमच्या मते येथे माणूस पाहिला गेला, कागद कोणी पाहिलाच नाही.

शंका आली ती अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्यांना. वृद्ध स्त्रिया नेहमीच्या कपड्यांत, खुर्चीत बसल्या जागी मृत आढळत. मार्च १९९८ मध्ये शेजारच्या दवाखान्यातील डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांनी दहनाच्या अर्जांची संख्या पाहून मृत्युचौकशी अधिकाऱ्यांना कळविले. पोलिसांनी शिपमनची जुनी शिक्षादेखील तपासली नाही आणि एप्रिलमध्ये चौकशी बंद केली. त्यानंतर आणखी तिघी मारल्या गेल्या.

त्यांतील शेवटच्या कॅथलीन ग्रंडी, हाइडच्या माजी महापौर. त्यांचे बनावट मृत्युपत्र वकील असलेल्या त्यांच्या कन्येच्या हाती पडले आणि पुरलेला देह बाहेर काढून तपासला गेला. त्यात मॉर्फिन सापडले. ग्रंडीबाईंना असल्या औषधांचे व्यसन असावे, अशा मागील तारखांच्या नोंदी शिपमनने संगणकात घालून ठेवल्या होत्या. त्या प्रत्यक्षात कधी टंकित केल्या, ती वेळही यंत्राने मुकाट्याने नोंदवली होती.