चुक्याचे बी

लष्करातल्या जुन्या मराठी वाड्याला परस असले, म्हणजे मोरीच्या पाण्यावर अळू असायचेच. अळू कंदावर जगते. एकदा लावले की पुढच्या पिढीची सोय झाली. पण अळूच्या पातळ भाजीत जो जोडीदार लागतो, त्या चुक्याचे तसे नाही. तो एका हंगामाचा सोबती. बी धरले नाही की संपला.

आमच्या घरी तो असाच संपला. मार्गशीर्षात केळवण होते, पाने वाढली, आणि आईने वाफ्यातला सगळा चुका मुळासकट उपटून दिला. भाजी उत्तम झाली. पुढल्या आश्विनात बियांची बाटली उघडली, तर रिकामी! दारावरच्या भाजीवालीला विचारले, तिने बथुआ पुढे केला. बथुआ म्हणजे आपला चाकवत. तो या भागात गव्हाच्या शेतात न पेरता उगवतो. चुका मात्र तिच्या टोपलीत कधी आला नाही. दोन वर्षे आम्ही चिंचेवर भागवले. चिंचेने घशाची खाज राहते, पण चुका शिजून भाजीत जसा विरघळतो, ते चिंचेला कसे जमावे? अखेर दोन गल्ल्या पलीकडच्या एका मावशींकडे चिमूटभर बी निघाले. देताना त्यांनी बजावले, "पहिल्या वर्षी एक पानही खायचं नाही."

पाऊस सरला की वाफा करावा. रुंदी तीन फुटांहून अधिक नको, म्हणजे आत पाय न घालता हात मध्यापर्यंत पोचतो. चुका, चाकवत, माठ यांचे बी बारीक. ते कोरड्या रेतीत मिसळून विखरावे, नाहीतर एकाच जागी झुंबड होते. पालकाचा एक मणी दिसतो तो एक दाणा नव्हे, त्यातून दोनतीन रोपे निघतात. तो रात्रभर भिजवून पेरावा आणि दाटी झाली की विरळ करावा. विरळणीची कोवळी रोपे हीच पहिली भाजी. मेथीला स्वयंपाकघरातल्या डब्यातले दाणे चालतात. अंबाडी मात्र पावसाळ्याची. तिचा शेंडा खुडत राहावे, तितकी ती फुटते.

तोडणी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी. माझी ती रियाज आटोपल्यावर होते. पालक-चुक्याची बाहेरची पाने घ्यावीत, गाभा राखावा. चुका शिजवावा कल्हईच्या नाहीतर स्टीलच्या भांड्यात. बिनकल्हईच्या पितळेत आंबट शिजवू नये, हे जुन्या बायकांना सांगावे लागत नसे.

खरी चूक बी धरण्यात होते, आणि ती मीही बरीच वर्षे केली. जे झाड सर्वांआधी तुऱ्यावर येते, त्याची पाने निरुपयोगी म्हणून तेच बियाला ठेवायचे; आणि रुंद पानांची, उशिरा तुरा धरणारी झाडे खाऊन टाकायची. असे दरवर्षी केले, की वाफा दरवर्षी लवकर तुऱ्यावर येऊ लागतो. जिथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्या ग्वाल्हेरात फाल्गुनातले पंधरा दिवस गमावणे परवडत नाही. म्हणून आता मी सर्वांत शेवटी तुऱ्यावर येणाऱ्या पाचसहा झाडांना लाल दोरा बांधतो. तेथे विळी चालत नाही, पाहुणे कोणीही असोत! पालकाचे एकच झाड ठेवून भागत नाही. त्याचे परागण वाऱ्याने होते.

चुक्याचे बी गुलाबीसर पापुद्र्यात असते आणि चैत्राच्या वाऱ्याने उडते. तुऱ्यांवर मलमलीचा तुकडा बांधावा. वाळल्यावर हाताने चोळून, पाखडून, कडुनिंबाच्या सुक्या पानांबरोबर बाटलीत भरावे.

यंदा दोन बाटल्या भरल्या. दुसरी त्या मावशींची. त्यांच्या परसात गेल्या वर्षी मोटारीसाठी फरशी झाली आणि त्यांचेही बी गेले. गच्चीवर दोन पसरट कुंड्या आहेत, एक वीत माती मावेल अशा. चुक्याला तेवढी पुरते. पहिल्या वर्षी पान खायचे नाही, हे या वेळी मी त्यांना सांगून आलो.