जाड, तिरप्या अक्षराची करामत

पेण म्हटलं की गणपती आणि रोहा म्हटलं की कोकण रेल्वेचा आरंभ. पण छापील अक्षरांच्या गोष्टीतही या दोन तालुक्यांची नावं येतात. घ्या, जाड, तिरप्या टाइपाबद्दलच्या आणि एकूणच अक्षरांबद्दलच्या काही मजेदार गोष्टी!

खिशातलं पुस्तक : तिरप्या टाइपाचा जन्म व्हेनिसचा. ग्रिफो नावाच्या कारागिरानं छपाईचे खिळे कोरले आणि मुद्रक आल्डस मानुटियसनं 1501 मध्ये व्हर्जिलचं अख्खं काव्य तिरप्या अक्षरात, छोट्या आकारात छापलं. नमुना होता विद्वानांचं वळणदार हस्ताक्षर.

जाडी आली उशिरा : मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून खास घडवलेला 'क्लॅरेंडन' हा जाड टाइप लंडनला 1845 मध्ये आला. जाड म्हणजे 'इकडे बघा', तिरपा म्हणजे 'हा शब्द वेगळा'. दोन्ही एकत्र आले की हाक सगळ्यात मोठी!

भातालाही मान : पेण-रोह्याच्या खाचरांतल्या भाताचं शास्त्रीय नाव 'ओरायझा सटायव्हा'. रोमन लिपीत ते तिरपंच छापायचं, असा दंडक आहे.

बोरूची गंमत : देवनागरीसाठी बोरूचं टोक रोमन लिपीच्या उलट्या बाजूला तासतात. म्हणून जाड-बारीक रेषांचं वळणही उलटं पडतं.

आपला खिळा : जावजी दादाजींनी 1869 मध्ये मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथले राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या देखण्या देवनागरी खिळ्यांचं नाव देशभर झालं.

गागोद्याचे विनोबा : पेण तालुक्यातल्या गागोद्यात 11 सप्टेंबर 1895 रोजी जन्मलेल्या विनोबांचा आग्रह होता, की भारतातल्या भाषांनी आपापली लिपी राखावी आणि जोडीला देवनागरीही वापरावी.

रोह्याची सही : रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांचं हस्ताक्षर सहीच्या रूपानं नोटांवर छापलं गेलं आणि घरोघर पोचलं.

नकली तिरपा : अक्षरकार र. कृ. जोशींनी घडवलेल्या संगणकावरच्या 'मंगल' या देवनागरी फाँटला वेगळा तिरपा अवतार नाही. बटण दाबलं की संगणक उभं अक्षरच कलंडवतो. शिरोरेषा आडवी राहते, काने मात्र वाकतात आणि अक्षराचा तोल जातो.

म्हणून गणपतीच्या कारखान्याची पाटी असो की लग्नाची पत्रिका, मराठीत महत्त्वाचा शब्द ठळक करा, मोठा करा, रंगवा. पण उगाच कलंडवू नका. तिरपं अक्षर हवंच असेल, तर तसाच घडवलेला फाँट निवडा किंवा चांगल्या अक्षरकाराकडून लिहून घ्या. आपल्या देवनागरीसाठी तेवढे कष्ट घ्यायलाच हवेत.