नवा मॉनिटर, जुनं कार्ड: २५६०×१४४० का दिसत नाही?

चिमूरमध्ये ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानांत आणि घराघरांत जुने डेस्कटॉप अजून मस्त चालतात. त्यांना मोठा मॉनिटर जोडला की रिझोल्यूशन मात्र १९२०×१०८० वरच अडतं. नागपूरहून नवं कार्ड मागवण्याआधी एवढं तपासा.

१. ड्रायव्हर: डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसतंय? मग आधी कार्डाचा मूळ ड्रायव्हर टाका. बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं.

२. पोर्ट: खरी मर्यादा इथे असते. जुन्या एचडीएमआय आणि सिंगल-लिंक डीव्हीआयची क्षमता १६५ मेगाहर्ट्झ पिक्सेल क्लॉक. १९२०×१०८० ला ६० हर्ट्झवर १४८.५ लागतात, म्हणून ते चालतं. २५६०×१४४० ला सुमारे २४१.५ लागतात, म्हणून तो पर्याय यादीतच येत नाही.

३. केबल: डीव्हीआयच्या पिना नीट बघा. मधे रिकामी जागा असेल तर सिंगल-लिंक. २४ पिना सलग भरलेल्या असतील तर ड्युअल-लिंक. कार्ड आणि मॉनिटर दोन्हीकडे ड्युअल-लिंक असेल तर २५६०×१६०० पर्यंत जाता येतं. एचडीएमआयचं साधं कन्व्हर्टर लावलं तर हा फायदा जातो.

४. डिस्प्लेपोर्ट: मागे असेल तर आधी तोच वापरा.

यातलं काहीच नसेल तर कस्टम रिझोल्यूशनमध्ये २५६०×१४४० ला ३० हर्ट्झ ठेवून बघा. माउस थोडा जड वाटेल, पण टायपिंग आणि एक्सेलला चालतं.

तुमच्या कार्डाचं मॉडेल आणि मागच्या पोर्टचा फोटो कमेंटमध्ये टाका, मिळून मार्ग काढू.