असीरगडाची वाट आणि सायकलीची पारख

नर्मदा आणि तापी यांच्या खोऱ्यांमधला सातपुडा ज्या ठिकाणी किंचित खचून प्रवाशाला वाट देतो, त्या ठिकाणी, बुऱ्हाणपुराच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, असीरगड उभा आहे. आणि उत्तरेतून दक्षिणेत उतरणाऱ्या फौजांना त्याच्या नजरेखालून गेल्यावाचून गत्यंतर नसे, म्हणून त्याला दक्षिणेचे द्वार म्हणत. अकबराने प्रदीर्घ वेढा घालून १६०१ साली तो घेतला, उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली तो निजामाकडून पेशव्यांकडे आला, पुढे शिंद्यांच्या अंमलात राहिला, आणि १८१९च्या एप्रिलात कंपनी सरकारच्या तोफांपुढे त्याने हात टेकले. आज या खिंडीतून इंदूरकडून खानदेशाकडे जाणारा हमरस्ता जातो, आणि त्या रस्त्याच्या कडेकडेने, सेनापतींच्या इतिहासाशी काडीचाही संबंध नसलेली माणसे रोज सायकलीवरून जातात.

सायकलीची पारख करण्यास याहून बोधप्रद रस्ता क्वचितच सापडेल. बुऱ्हाणपूर शहर तापीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे २५० मीटरवर आहे. गडाचा पायथा त्याहून सुमारे २०० मीटर उंच, आणि माथा ७०१ मीटरवर. शहराबाहेर पडताच केळीच्या बागा आणि कपाशीची काळी जमीन, पुढे मुरमाड माळ, आणि अखेरीस घाट, असा तीन तऱ्हांचा मुलूख या अल्पशा अंतरात ओलांडावा लागतो. त्यावर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो आणि जुलैत तोच मुलूख चिखलात रुतलेला असतो. चांगली सायकल कोणती, हा प्रश्न दुकानात विचारला तर उत्तर किंमत पाहून मिळते. या रस्त्यावर विचारला तर महिना कोणता आणि मैलाचा दगड कितवा, हे आधी सांगावे लागते.

आपल्याकडे जिला विशेषणावाचून नुसती सायकल म्हणतात, ती काळी, उंच, आडव्या दांडीची, २८ इंची चाकांची आणि रॉड ब्रेकची गाडी मूळची इंग्लंडातली. १८८५ साली जॉन स्टार्लीने आणलेली 'रोव्हर' आणि १८८८ साली डनलॉपने सिद्ध केलेला हवेचा टायर यांच्या संयोगातून तिचा वंश निघाला, आणि दीर्घकाळ ती आपल्याकडे जहाजातून येत राहिली. मद्रासेत १९४९ साली, सोनीपतला 'ॲटलस'च्या रूपाने १९५१ साली आणि लुधियान्यात 'हिरो'च्या रूपाने १९५६ साली देशी कारखाने उभे राहिले, तेव्हा त्यांनीही मूळ आकृतीत फारसा फेरफार केला नाही. हा केवळ आळस नव्हता. वीस किलोच्या घरात जाणारे वजन, लांबलचक सांगाडा, मागे कललेला पुढचा दांडा, हे सारे खड्ड्यांच्या रस्त्यावर धक्के सोसण्यासाठी आहे. कॅरिअरवर केळीचा घड किंवा दोहों अंगांना दुधाचे कॅन अडकवले तरी ती डगमगत नाही. आणि मोडली तर कोणत्याही गावात, जेथे मोटारीला मिस्त्री मिळणार नाही अशा गावातसुद्धा, तिला हातोडी आणि पान्यानिशी सरळ करणारा माणूस भेटतो. बुऱ्हाणपुरात यंत्रमागांच्या पाळीवर जाणारा कामगार आणि बागेत राबणारा शेतमजूर हीच सायकल पसंत करतो, आणि त्याची निवड विचारांती केलेली आहे असेच मानले पाहिजे.

या सायकलीचा सरकारदरबारी मानही एके काळी मोठा होता. पुष्कळ नगरपालिका तिच्यावर कर बसवीत, कर भरल्याच्या दाखल्यादाखल पत्र्याचा बिल्ला देत, आणि रात्री दिव्यावाचून जाणाऱ्यास शिपाई हटकून दंड करी. सायकलींचे शहर म्हणून ज्याचा लौकिक होता त्या पुण्यात, चौकात शिपाई दिसताच विझल्या दिव्याच्या सायकलीवरून अलगद उतरून, जणू काही पायी चालण्याचीच हौस आहे अशा साळसूदपणे ती हातात धरून जाणारे सद्गृहस्थ दुर्मीळ नव्हते. बिल्ला गेला, दंड गेला, आणि दुर्दैवाने त्यांच्याबरोबर दिवाही गेला.

आता ऋतूंचा विचार करू. उन्हाळ्यात सायकलस्वाराला वाटते की वेगाबरोबर वारा लागेल आणि अंग निवेल; आणि हा समज फेब्रुवारीपर्यंत खराही असतो. परंतु हवेचे तापमान कातडीच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ३५ अंशांहून, वर गेले की अंगावर येणारा वारा उष्णता घेऊन जाण्याऐवजी देऊ लागतो, आणि शरीर थंड राहते ते केवळ घाम सुकतो एवढ्याच आधारावर. निमाडची, म्हणजे या बुऱ्हाणपूरच्या मुलखाची, हवा कोरडी असल्यामुळे घाम इतक्या त्वरेने सुकतो की तो आला हेच स्वाराला कळत नाही. तासाला लिटरभर पाणी अंगातून निघून जाते, सदरा मात्र कोरडाच. कोकणात याच्या उलट: तेथे पारा ३२वर असतो, पण दमट हवेत घाम सुकत नाही, आणि माणूस निथळत असूनही तापत राहतो. म्हणून कोकणात वेग आवरावा, आणि निमाडात तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, मिठाचे पन्हे घेत राहावे, डोक्यावर ओला पंचा बांधावा आणि शक्यतो नऊच्या आत मुक्कामी पोहोचावे. शेतमजूर हे सारे शास्त्राचा आधार न विचारता पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. शास्त्र मागाहून आले आणि त्याने त्याला दुजोरा दिला.

उन्हात टायर फुटतात, ही समजूत अर्धीच खरी आहे. सकाळच्या गारव्यात भरलेली हवा तापलेल्या डांबरावर ६० अंशांपर्यंत गेली, तर आतला दाब दहा-बारा टक्क्यांनी वाढतो, आणि एवढी वाढ धडधाकट टायर सहज पेलतो. उचकटते ते ठिगळ, कारण सोल्यूशन उष्णतेने सैलावते. म्हणून उन्हाळ्यापूर्वी ठिगळांची गोधडी झालेली ट्यूब बदलावी आणि सायकल उन्हात उभी करू नये, इतकी तजवीज पुरेशी आहे. खरे वैरी पावसाळा सरल्यावर येतात: वाळून कडक झालेले सराटे आणि बाभळीचे काटे. शर्यतीच्या सायकलीचा बोटाएवढा अरुंद, टणक फुगवलेला टायर गुळगुळीत रस्त्यावर अत्यंत सुखाने पळतो, पण शेताच्या कडेला दोन पावले गेला की घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधणाऱ्या कारागिराकडे त्याला जावेच लागते. जाड टायर जडपणे चालतो, पण घरी आणून सोडतो.

वाऱ्याची गोष्ट सायकलस्वार पुष्कळदा ध्यानातच घेत नाहीत. तापीचे खोरे पश्चिमेकडे उघडे आहे, आणि मान्सूनपूर्वीच्या आठवड्यांत तिकडून येणारा वारा तोंडावर घेत रावेरच्या बाजूस जाणे म्हणजे सपाटीवरचा घाटच होय. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तासाला १५ किलोमीटर जाणाऱ्यास समोरून २० किलोमीटरचा वारा लागला, तर विरोध पाचपटींहून अधिक होतो. ताठ बसवणारी काळी सायकल या प्रसंगी स्वाराच्या रुंद छातीसकट साऱ्या वाऱ्याशी झुंज घेते, आणि वाकून बसवणारी, खाली वळलेल्या मुठींची सायकल त्याला पुष्कळसा चुकवते. परंतु वाकून बसणाऱ्यास मागून येणारा ट्रक पाहणे कठीण जाते, हेही तेथल्या तेथे नमूद करणे प्राप्त आहे.

पावसाळ्याचे प्रकरण सर्वांत गुंतागुंतीचे. काळी माती कोरडी असते तोवर सिमेंटासारखी टणक असते. पहिल्या दमदार सरीनंतर ती फुगते आणि चिकटते, आणि शेतवाटेवर शंभर पावले गेल्यावर टायर व मडगार्ड यांच्या मध्ये असा काही गिलावा बसतो की चाक फिरेनासे होते. मग काडीने माती उकरायची, पुन्हा चार पावले जायचे, आणि अखेरीस, वाहनाने वाहकावर स्वार होण्याचा प्रसंग पत्करून, सायकल खांद्यावर घ्यायची. येथे रुंद फटीची, मडगार्डविरहित डोंगरी सायकल निःसंशय सरस ठरते. पण तीच डांबरी सडकेवर आली की चाकाने उडवलेला राडा स्वाराच्या पाठीवर मानेपर्यंत नक्षी काढतो, आणि तेथे मडगार्ड नसल्याचा पश्चात्ताप होतो. साखळीचेही तसेच: जुन्या सायकलीची पूर्ण झाकलेली साखळी पावसाला व धुळीला दाद देत नाही, तर गिअरच्या सायकलीची उघडी साखळी भिजते, गंजते, आणि तेलात मिसळलेल्या मातीमुळे पाहता पाहता झिजते. पावसाळ्यात उघडी साखळी वापरणाऱ्याने ती दर दोन दिवसांनी पुसून, थेंबाथेंबाने तेल द्यावे. तेलाची धार धरणे म्हणजे धुळीला आमंत्रण.

ब्रेकच्या बाबतीत मात्र जुन्या सायकलीची तरफदारी करण्यास आम्ही तयार नाही. रॉड ब्रेकचे रबर चकचकीत पोलादी कड्यावर आतून दाबले जाते, आणि ते कडे ओले झाले की थांबण्यास लागणारे अंतर कित्येक पट वाढते. असीरगडाकडून बुऱ्हाणपुरास भर श्रावणात, कॅरिअरवर ओझे घेऊन उतरणाऱ्याने ब्रेकवर विसंबणे हा अविचार होय. आधीपासून हलका दाब देत कड्यावरचे पाणी निपटत राहावे, आणि तीव्र उतारावर खुशाल खाली उतरून चालावे. ॲल्युमिनियमचे कडे याहून चांगले, आणि चाकाच्या मध्याशी, चिखलपाण्यापासून दूर असलेला डिस्क ब्रेक सर्वांत विश्वसनीय.

आता चढाकडे वळू. साध्या सायकलीचे पायडल एकदा पूर्ण फिरले की ती सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे प्रमाण उत्तम, पण घाटात वेग तासाला पाच किलोमीटरवर आला की मिनिटाला पंधराच फेरे पडतात, प्रत्येक फेऱ्यावर सारे शरीर टाकावे लागते, आणि गुडघे तक्रार करू लागतात. गिअरच्या सायकलीत तोच फेरा दोन मीटरांहूनही कमी अंतराचा करता येतो. श्रमाची एकूण रक्कम त्यामुळे घटत नाही. ती लहान हप्त्यांनी फेडता येते, इतकेच. ही रक्कम तरी केवढी? माणूस व सायकल मिळून ९० किलोचे वजन २०० मीटर उंच नेण्यास, स्नायूंची कार्यक्षमता एक चतुर्थांश धरली, तर पावणेदोनशेच्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे बुऱ्हाणपूरच्याच मातीतली दोन केळी. वाऱ्याचा आणि रस्त्याच्या खडबडीतपणाचा हिशेब अर्थात निराळा. अश्वत्थामा या गडावरील शिवालयात अजून पूजेस येतो, अशी लोकश्रद्धा आहे. त्याला या हिशेबाची गरज नसावी.

हिवाळ्याविषयी सांगण्यासारखे थोडकेच: पहाटे कानांवर मफलर, हातांत मोजे, आणि पुढे-मागे दिवा. हौसेने रविवारी गडाकडे निघणाऱ्यांचा हाच ऋतू.

माणसाच्या जिद्दीपुढे ऋतू आणि साधने गौण ठरतात, असे म्हणणाऱ्यांना दाखले भरपूर आहेत. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले, आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगारा हे तिघे इराण-इराकची वाळवंटे आणि आल्प्सचे घाट ओलांडून मार्च १९२८ मध्ये परतले. आपल्या काळात नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत दोघांच्या गटात पुरी केली, आणि पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा केली. या पराक्रमांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण ज्याला रोज पाळीचा भोंगा होण्याआधी हजर व्हायचे आहे, त्याच्या सायकलीची निवड पराक्रमावरून करता येत नाही. बिहारात २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकली देण्यात आल्या, तेव्हा अभ्यासकांना असे आढळले की माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले. मध्यप्रदेशातही दूरच्या शाळेत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सरकारी सायकल मिळते. ती सायकल साधीच असते, आणि तिने केलेले काम कोणत्याही विक्रमाहून मोठे आहे.

आमचे मत विचाराल तर निमाड-खानदेशच्या रोजच्या वाहतुकीस योग्य सायकल म्हणजे जाड टायरची, झाकल्या साखळीची, पुरेशी फट सोडून बसवलेल्या मडगार्डची, आणि चाकाच्या तुंब्याच्या आतच तीन गिअर दडवलेली. असे गिअर इंग्लंडात विसाव्या शतकाच्या आरंभीच निघाले. त्यांना धूळ लागत नाही, पाणी लागत नाही, आणि घाट चढण्यापुरते बळ ते देतात. आपल्या बाजारात मात्र ते क्वचितच दिसतात. तेथे एकवीस गिअरांच्या उघड्या साखळ्या विकल्या जातात, आणि त्या गिअरांपैकी चार-पाचच वापरात येतात. कारखानदारांनी या गोष्टीचा विचार करावा.

आणि रस्ते बांधणाऱ्यांनीही एक विचार करावा. या हमरस्त्याचे रुंदीकरण जेथे जेथे होईल तेथे डांबराच्या कडेला पक्की, सलग साइडपट्टी राखून ठेवावी, आणि तिच्यावर केळीचे ट्रक उभे राहणार नाहीत याचा बंदोबस्त करावा. तोवर वाचकांपैकी जे सायकल वापरतात त्यांनी नवी सायकल घेण्यापूर्वी, आहे त्या सायकलीला मागचा लाल दिवा आजच लावून घ्यावा.