थंडाव्याच्या पोटातली आग

नागपूरचा मे म्हणजे ४५ अंशांचा मामला. घराला कूलर लागतो, गाडीला एसी. त्या एसीत कोणता वायू फिरतो, हे मात्र गाडीमालक क्वचितच विचारतो.

१९३०च्या सुमारास आर-१२ हा वायू आला तो मुळात आगीच्या आणि विषाच्या भीतीपोटी. त्याआधीचे शीतक एकतर पेटत किंवा जीव घेत. पुढे आर-१२मुळे ओझोनचा थर विरतो हे कळले आणि १९८७च्या माँट्रिअल करारानंतर तो मागे पडला. त्याच्या जागी गाड्यांत आलेला आर-१३४ए सहजी पेटत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट. मग पर्याय म्हणून पुढे आले प्रोपेन आणि आयसोब्युटेन, म्हणजे जवळपास आपला स्वयंपाकाचाच गॅस! ओझोनला धक्का नाही, थंडावा उत्तम. आपल्या बहुतेक नव्या फ्रीजमध्ये आयसोब्युटेनच असतो. मग गाडीतच काय बिघडते?

बिघडते ते जागेमुळे. फ्रीजमध्ये हा वायू काही दहा ग्रॅम, आणि तो फ्रीजसाठीच आखलेल्या बंद नळ्यांत. गाडीत थंडावा देणारी जाळी डॅशबोर्डच्या आत बसते. ती गळली तर वायू थेट माणसांत येतो. हवेत घनमीटरला साधारण ३८ ग्रॅम प्रोपेन झाला की ठिणगी पुरते. गाडीची आतली जागा तीनेक घनमीटर, म्हणजे ११५ ग्रॅम पुरेत; एसीत त्याहून जास्त मावतो. झिरपणारी बारीक गळती बहुधा हवेत विरून जाते. पण अपघातात जाळी फुटली किंवा काचा लावून उभ्या केलेल्या गाडीत वायू साचला, तर गोष्ट वेगळी. तो हवेपेक्षा जड, पायांशी बसतो. शिवाय शीतक म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रोपेनला बहुधा स्वयंपाकाच्या गॅससारखा मुद्दाम घातलेला वास नसतो. नाक इथे कामाला येत नाही.

ज्वलनशील वायूंच्या सिलिंडरांवर देशभर देखरेख ठेवणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालय नागपुरातच आहे. पण सिलिंडरातून वायू एकदा एसीच्या नळीत शिरला, की तो कोणता हे फक्त भरणाऱ्या मेकॅनिकलाच ठाऊक. बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१३४ए आणि त्याचे ग्रॅम छापलेले तसेच राहतात. पुढचा मेकॅनिक ते वाचतो, निर्धास्तपणे नळी सोडतो आणि शेजारी वेल्डिंग चालूच असते.